गेनबा, विहिरीनं तळ गाठला

या मंडळी, सरका पुढं. भिंतीला टेकून बसणाऱ्याला कीर्तनात हमखास डुलकी लागते हे मी इतकी वर्षं बघतोय, आणि आजची गोष्ट डुलकीत ऐकण्यासारखी नाही. चपला बाहेर नीट लावल्यात ना? मग मन तिकडं ठेवू नका. मोबाईल बंद करा असं मात्र म्हणणार नाही. गोष्ट मोबाईलपासूनच सुरू होते.

आपल्या भोरात हनुमंतनाना राहतात. पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाले, पण ते कागदोपत्री. सकाळचे दहा वाजले की नानांचे पाय आपोआप चपलांत जातात. दारापर्यंत गेल्यावर आठवतं, ऑफिस नाही. मग ते चपला न काढताच घरात येरझाऱ्या घालतात आणि रत्नाकाकू मागून फरशी पुसत फिरतात. एकतर कुठं तरी जा, नाही तर कुठं तरी बसा, एवढीच काकूंची संसाराकडून अपेक्षा उरली आहे. नाना दोन्ही करत नाहीत. ते निघतात आणि परत येतात.

त्यांना शांत बसलेलं पाहायचं असेल तर कीर्तनात पाहावं. टाळ हातात आले की नाना डोळे मिटतात, आणि दोन तास मुंगी चावली तरी हलत नाहीत. आवाज अजून खणखणीत आहे. घागरीचं एक पद ते असं म्हणतात की भाटघरपासून नसरापूरपर्यंतच्या सप्ताहांत माणसं फर्माईश करतात, "नाना, तुमचं ते घागरीचं होऊ द्या." हे पद ध्यानात ठेवा. पुढं लागणार आहे.

तर एका सकाळी दहाच्या येरझाऱ्या चालू असताना शेजारचा कुमार आला. याचं झेरॉक्सचं दुकान, आणि कामथडीला टोमॅटोचा तुकडा. त्यानं मोबाईल नानांच्या नाकासमोर धरला आणि तक्रार केली की दुसऱ्याचं टपाल त्याच्याकडं येतंय. स्क्रीनवर लिहिलेलं होतं: 'गेनबा, विहिरीनं तळ गाठला. मोटर बंद केली आहे.'

"आता मी कुमार," कुमार म्हणाला, "माझ्या सात पिढ्यांत कुणी गेनबा नाही. आणि विहिरीला दोन हातांवर पाणी आहे. हा तळ कुणाचा?"

निवृत्तीनंतर पहिल्यांदा कुणीतरी चुकीच्या पत्त्यावरचं टपाल घेऊन त्यांच्या दारात आलं होतं. नाना उभ्याउभ्या तरुण झाले. चौकशी केली तेव्हा कळलं की कुमारनं मोटरीच्या पेटीला मोबाईलवरून चालणारा स्टार्टर बसवलाय. 'जलराजा' नावाचा, शिवऱ्याच्या सर्जेरावांच्या वर्कशॉपमधला. पाणी संपलं की हा आपोआप मोटर बंद करतो आणि मालकाला निरोप धाडतो. पण तो पाणी असतानाच मोटर बंद करत होता, वर निरोप गेनबाला. टोमॅटो माना टाकायला लागले होते. आणि असा निरोप एकट्या कुमारला नव्हे, जलराजाच्या सगळ्या गिऱ्हाइकांना येत होता. शिवऱ्यात तर एकानं मुलाचं नाव गेनबा ठेवायचं का, असं गुरवाला विचारल्याचं कुमार सांगत होता. पण कुमारचं सगळंच खरं धरायचं नसतं.

नानांना संगणकातलं काही कळत नाही, पण कुणाला विचारावं ते कळतं. त्यांची भाची स्नेहल पुण्यात प्रोग्रॅम लिहायच्या कामाला असते आणि शनिवार-रविवार वेल्ह्याकडं आपल्या गावी येते. नानांनी तो निरोप तिला पाठवला. ती फोनवर आधी पोट धरून हसली. मग तिनं तो निरोप पुन्हा वाचला.

"मामा, हे वाक्य मी लिहिलंय," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती भोरला आली आणि तिनं सगळं समजावून सांगितलं. दोन वर्षांपूर्वी तिनं 'पाणवठा' नावाचा प्रोग्रॅम लिहिला, शेतातली मोटर सांभाळणारा. तिला प्रोग्रॅम येत होता, विहीर येत नव्हती. विहीर शिकवली त्यांच्या गावच्या गेनबांनी. वीज कशी लंगडते, झरा कुठल्या महिन्यात फसवतो, मोटर कोरडी फिरली तर आवाज कसा बदलतो, हे त्या म्हाताऱ्यानं दोन उन्हाळे विहिरीच्या काठावर उभं राहून तिला सांगितलं. तपासणीचे निरोप ती त्यांच्याच नावानं लिहायची. काम पुरं झाल्यावर तिनं पाणवठा इंटरनेटवर सगळ्यांसाठी ठेवून दिला. वरती परवाना लिहिला: कुणीही वापरा, वाटा, बदला, विका सुद्धा. अटी दोनच. करणाऱ्यांची नावं पुसायची नाहीत. आणि बदल करून पुढं द्याल, तर ज्याला द्याल त्याला तो प्रोग्रॅम आतून उघडा करून द्यायचा, म्हणजे बिघडला तर त्याला दुरुस्त करता येईल. नावं दोन होती. स्नेहलचं आणि गेनबांचं.

सर्जेरावांच्या कारागिरानं वरची दोन्ही नावं पुसली, आत कुलूप घातलं आणि जलराजा करून विकला. निरोपातला गेनबा तेवढा नजरेतून सुटला.

"आतलं उघडून मिळालं तर कुमारदादांचा बिघाड मी बसल्या जागी काढीन," स्नेहल म्हणाली. "आणि मला दुसरं काही नको मामा. गेनबाआजोबांनी गावभर सांगितलंय की मशिनीत त्यांचं नाव आहे. पोरं त्यांना हसतात. ते नाव परत यायला हवं."

नानांना हे सगळं तत्काळ समजलं. इतकं तत्काळ, की स्नेहलच चकित झाली. "अगं, हे तर आपल्याकडं पूर्वीपासूनच आहे," नाना म्हणाले. "पद कुणीही म्हणावं. देवळात म्हणा, पेरताना म्हणा, चाल बदला, मध्ये दृष्टांत घाला. संतांनी कुणाला अडवलं नाही. पण शेवटच्या चरणात करणाऱ्याचं नाव असतं, ती नाममुद्रा. ती गाळायची नाही. ती गाळणारा माणूस म्हणजे..."

इथं नानांना अचानक तहान लागली. ते उठून आत गेले, माठातलं दोन तांबे पाणी प्याले आणि परत येऊन हवापाण्याबद्दल बोलू लागले. रत्नाकाकूंनी पाहिलं. माठावरचं झाकण त्यांनी जरा जोरातच बसवलं.

स्नेहलनं तीन मेल पाठवले होते, उत्तर नव्हतं. मेलला कोण विचारतं, नाना म्हणाले. एक कडक रजिस्टर पत्र, पोचपावतीसह. दोन दिवसांत मिटवतो. तिनं आनंदानं त्यांना कुलमुखत्यारपत्र करून दिलं, आणि नानांनी दहाच्या ठोक्याला चपला घातल्या. या वेळी ते खरोखर बाहेर पडले.

पोस्टात नव्या पोरीनं त्यांना अदबीनं सांगितलं की काका, रजिस्टर आता वेगळं राहिलं नाही, स्पीड पोस्टात गेलं. नानांना ही बातमी माहीत होती. पण भावाच्या वाटणीची बातमी माहीत असणं वेगळं आणि मध्ये भिंत उभी राहिलेली बघणं वेगळं. ते खिडकीपाशी जरा वेळ तसेच उभे राहिले. मागच्या माणसानं हळूच विचारलं, कुणी गेलं का.

पत्र आठ दिवसांनी परत आलं. शेरा, 'घेणार बाहेरगावी.' हा शेरा नानांनी आयुष्यात शेकडो वेळा स्वतः लिहिलेला. चहा पाजला की घेणारा कसा बाहेरगावी जातो, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. त्यांनी पाकिटाचा वास घेतला. आलं घातलेला चहा होता, असं ते अजून सांगतात.

मग सल्ल्यांचा पाऊस. कुमार म्हणाला पोलिसांत जा. समोरच्या आळीत म्हणाले तंटामुक्तीकडं जा. न्हाव्यानं अर्धी दाढी झाल्यावर सुचवलं की सर्जेरावांच्या वर्कशॉपसमोर उपोषणाला बसा. पण नानांना बसणं जमत नाही, हे आधीच सांगितलंय.

चौकीवरचा हवालदार सज्जन होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "चोरीला गेलं म्हणता, मग ते आता तुमच्याकडं नाही?"

"आहे की," नाना म्हणाले.

"जसंच्या तसं?"

"जसंच्या तसं."

"आणि ते न्यायला तुम्हीच परवानगी दिली होती?"

"लेखी."

हवालदारानं पेनचं टोपण लावलं. म्हणाला, नाना, पंचवीस वर्षं झाली मला या खात्यात, इतकी समाधानकारक चोरी पाहिली नाही. नानांनी परवाना, नाममुद्रा सगळं सांगून पाहिलं. त्यानं शांतपणे सांगितलं की आधी वकिलाची नोटीस घाला.

वकीलसाहेबांची हयात जमिनीच्या दाव्यांत गेलेली. त्यांचा पहिला प्रश्न, उताऱ्यावर नाव कुणाचं? नाना म्हणाले, तेच तर भांडण आहे, नाव पुसलंय. "म्हणजे फेरफार," साहेब खूश झाले आणि त्यांनी लगेच लिहायला घेतलं. नोटिशीचा मसुदा नानांनी माझ्यापुढं ठेवला होता म्हणून सांगतो: 'पाणवठा या नावाने ओळखली जाणारी मिळकत माझ्या अशिलाच्या कब्जेवहिवाटीत असून तिची चतुःसीमा येणेप्रमाणे: पूर्वेस विहीर, पश्चिमेस मोटर, दक्षिणेस विजेचा खांब, उत्तरेस मोबाईलचा टॉवर, यातील झाडेझुडपे, दगडधोंडे व जाण्यायेण्याच्या वहिवाटीसह.' नानांनी झाडंझुडपं काढायला सांगितली. साहेबांनी ऐकलं नाही. म्हणाले, एकदा काढली की पुढं दावा करता येत नाही.

ही नोटीस नानांनी स्वतःच नेऊन द्यायची ठरवलं. एसटीनं शिवरे फाट्यावर उतरले आणि हायवेच्या कडेच्या त्या पत्र्याच्या वर्कशॉपमध्ये शिरले. तावातावानं शिरले, पण सर्जेराव असा माणूस की भांडायला आलेल्यालाही आधी खुर्ची पुसून देतो. पांढरी पँट, कपाळाला बुक्का, बोलणं गुळाच्या पाकासारखं.

"नाना, तुमी का आला? आमालाच बोलवायचं," तो म्हणाला. नोटीस त्यानं शेवटपर्यंत वाचली, झाडाझुडपांसह, आणि मनापासून म्हणाला, "नावच पायजे ना? मग त्याला कशाला येवढं? लावतो की नाव. लई मोठं लावतो."

इतक्यात आतल्या बाजूनं गुणगुण ऐकू आली. पत्र्याच्या सावलीत खाटेवर एक म्हातारी लसूण सोलत बसली होती, सर्जेरावांची आई फुलाबाई. गुणगुणत होती ते घागरीचं पद. घागर भरली, डोईवर घेतली. नानांच्या हातातला चहा बशीत सांडला. शेवटचं चरण यायच्या आत ते उठले, एसटी चुकेल म्हणाले आणि जवळजवळ धावत फाट्यावर आले. एसटीला अजून पाऊण तास होता.

आठवड्यानं सर्जेरावांनी शब्द पाळला. शिवरे फाट्यावर वीस फूट रुंद फ्लेक्स लागला. मधोमध सर्जेराव हात जोडून. डाव्या अंगाला स्नेहल, कुणाच्या तरी लग्नातल्या फोटोतून कापलेली, खांद्यावर परक्या बाईचा हात तसाच राहिलेला. आणि उजवीकडं, स्नेहलच्या तिप्पट, गळ्यात निरोपसमारंभाचा हार घातलेले नाना. खाली 'आमचे प्रेरणास्थान'. फोटो कुमारनं पुरवला होता. त्यानंच कबूल केलं, आणि वर विचारलं, छान आलाय ना? त्याखाली बेचाळीस शुभेच्छुक.

त्या दिवसापासून नानांना रस्त्यानं चालणं अवघड झालं. चौघांनी वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. तिघांनी हळू आवाजात विचारलं की पंचायत समितीला कुठल्या गणातून उभे राहताय. एकानं तर आळीतल्या गटाराचं काम सांगितलं आणि नानांनी सवयीनं लिहून घेतलं. रत्नाकाकू एवढंच म्हणाल्या की फोटोत तुम्ही स्थिर दिसता. प्रत्यक्षात कधी दिसला नाहीत.

हेही नानांनी गिळून टाकलं असतं. पण शनिवारी गेनबा आले.

कुणीतरी वेल्ह्याकडं बातमी नेली होती की फाट्यावर नावं लागलीत. म्हातारबांनी धुतलेलं धोतर नेसलं, नवा पटका बांधला, दोन एसट्या बदलून फाट्यावर उतरले आणि नानांना तिथं बोलावून घेतलं. गेनबांना वाचता येतं, पण सावकाश, बोट लावून. बोट फ्लेक्सपर्यंत पोचत नव्हतं म्हणून ते हवेतच बोट फिरवत एकेक शुभेच्छुक वाचू लागले. बेचाळीस नावं झाली. मग ते पुढं झाले आणि फ्लेक्सच्या खालचं गवत हातानं बाजूला सारून पाहू लागले.

"खालच्या अंगाला आसंल," ते म्हणाले. "गवतात गेलं आसंल."

गवतामागं बांबू होता. नाना फ्लेक्सवरच्या आपल्या स्वतःच्या वीतभर रुंद नाकाकडं बघत उभे राहिले. गेनबांनी हात झटकले, पटका सारखा केला आणि म्हणाले, "आसू द्या नाना. पोरीचं हाय न्हवं, झालं." आणि वेल्ह्याच्या दिशेचं वाहन बघायला रस्ता ओलांडून गेले.

त्या दिवशी नाना जेवले नाहीत. सर्जेरावांना फोन करून त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवला: फ्लेक्स काढा, गेनबांचं नाव मशिनीत घाला आणि प्रोग्रॅम उघडा करून द्या. सोमवारी दारात टेम्पो उभा राहिला. आतून पाच पोती उतरली. सर्जेरावांनी सगळा प्रोग्रॅम छापून पाठवला होता. टेम्पोवाला म्हणाला, साहेबांनी सांगितलंय, उघडं मागितलं होतं, पोत्याचं तोंड उघडंच ठेवलंय.

रजा टाकून आलेल्या स्नेहलनं एक पोतं चाळलं. कागदावरचं मशिनीला वाचता येत नाही मामा, म्हणाली. मग तिला पहिलं पान सापडलं. वरच्या दोन ओळींवर काळ्या मार्करचा पट्टा ओढलेला होता. तिनं ते पान उजेडाकडं धरलं. पट्ट्याखाली दोन्ही नावं अंधुक दिसत होती. तिनं पान घडी करून पर्समध्ये ठेवलं. तिचा चेहरा बघून नाना उठले आणि म्हणाले, चला.

दुपारी बाराच्या सुमारास नाना, स्नेहल, कुमार आणि निरोप धाडून वाटेत नसरापूरला बोलावून घेतलेले गेनबा, असे चौघे वर्कशॉपमध्ये जाऊन उभे राहिले. सर्जेरावांनी चार खुर्च्या पुसल्या. नाना बसले नाहीत. खांद्यावरचं उपरणं त्यांनी कमरेला बांधलं, आणि मंडळी, तिथं मशिनींच्या मधे त्यांनी जे निरूपण केलं, तसं भल्याभल्या बुवांना जमायचं नाही. संतांनी पदं कशी वाटेवर ठेवली, कुणीही न्यावीत म्हणून, हे सांगितलं. नेणाऱ्यावर ओझं एकच, शेवटचं नाव. कारागीर हातातली पकड ठेवून ऐकू लागले. बाहेर पंक्चर काढायला थांबलेला ट्रकवाला आत आला.

"सर्जेराव," नाना म्हणाले, "कपाळाला बुक्का लावता. ज्यानं पद केलं त्याचं नाव गाळून तिथं आपलं घालणाऱ्याला काय म्हणाल, ते तुमच्या तोंडानं सांगा."

सर्जेराव पाचवी खुर्ची पुसू लागला. तेवढ्यात खाटेवरून आवाज आला.

"पोस्टमन," फुलाबाई म्हणाली, "तू माज्या म्हायेरी भाटघरला डाक आणायचास, त्यो हनुमंतच न्हवं?"

नाना वळले.

"मघापासनं वळखायला बघत्ये." तिच्या हातात लसणाची पाकळी तशीच होती. रागानं नव्हे, खरोखर माहीत करून घ्यायला तिनं विचारलं. "बनाचं पद तूच म्हणतूस म्हणं समद्या सप्त्यात. मग तिचं नाव कुठं ठिवलंस रं?"

नानांना हो-नाही काहीही म्हणता आलं असतं. म्हातारीला काय, ऐकायला कमी येतं म्हणून विषय बदलता आला असता. गेली पस्तीस वर्षं ते हेच करत आले होते. पण समोर गेनबा पटका नीट करत बसले होते. नाना पुसून ठेवलेल्या खुर्चीवर बसले.

"खाल्लं," ते म्हणाले.

आणि त्यांनी सगळं सांगितलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी भाटघरला बनाबाई नावाची एकटी बाई होती. लोकांच्या घरी पाणी भरायची. तिला लिहिता येत नव्हतं. एकदा तिनं नानांना उंबऱ्यात बसवून हे पद सांगितलं आणि त्यांनी तारेच्या फॉर्मच्या पाठीवर उतरवून घेतलं. पुढं ती गेली. नाना पद म्हणत राहिले, तिच्या नावासकट. मग एका सप्ताहात मोठे बुवा खूश होऊन म्हणाले, हे कुणाचं? आणि लोक म्हणाले, आमच्या पोस्टातल्या हनुमंतचं. नानांनी फक्त ते खोडलं नाही. पुढच्या वर्षी शेवटच्या चरणात जिभेवर आपसूक 'हनुमंत म्हणे' आलं. बनापेक्षा हनुमंत लांब पडला, तर तो मावावा म्हणून त्यांनी तिच्या ओळीतला एक शब्दही काढून टाकला.

सर्जेरावाचा चेहरा उजळला. "म्हंजे नाना, आपण एकाच दुकानातलं."

"हसतूस काय?" फुलाबाई त्याच्याकडं वळली. "त्यानं निदान सांगितलं. तू काळ्या शाईनं पुसतूस आन् वर बुक्का लावतूस? मघाधरनं पोरगी उभी हाय. दे तिचं तिला."

सर्जेरावानं आईसमोर मान वर केली नाही. नानांनी हात जोडले. "सर्जेराव, पहिली नोटीस मला. रविवारी भाटघरला काल्याचं कीर्तन आहे. तिथं मी नाव लावतो. मग तुम्ही लावा."

सर्जेरावानं मात्र रविवारची वाट पाहिली नाही. त्याच दुपारी स्नेहलच्या हातात पेनड्राईव्ह दिला. बिघाड तिला चहा निवायच्या आत सापडला: कारागिरानं वर्कशॉपमधल्या बादलीवर प्रयोग केला होता आणि विहिरीची खोली म्हणून बादलीचीच खोली आत राहून गेली होती. तालुक्यातल्या सगळ्या विहिरी जलराजाच्या लेखी एक बादली होत्या. कुमारच्या टोमॅटोला संध्याकाळी पाणी मिळालं, आणि स्टार्टर चालू होताना त्याच्या मोबाईलवर नव्या ओळी उमटल्या. 'पाणवठा. लिहिणार स्नेहल. विहिरीच्या काठी उभं राहून शिकवणार गेनबा.' गेनबांनी त्या स्वतः बोट लावून वाचल्या. मग कुमारला वाचायला लावल्या. मग म्हणाले, जरा मोठ्यानं, ह्या कानानं कमी येतं. आणि कुमारनं बांधावरून ओरडून वाचल्या.

पुढं स्नेहलनं सगळ्यांच्या निरोपातून 'गेनबा' काढून ज्याचं त्याचं नाव घातलं, तर चार दिवसांत सर्जेरावांकडं तक्रारी आल्या, गेनबा बोलायचा का थांबला म्हणून. शेवटी ज्याला हवा त्याला गेनबा परत दिला. बहुतेकांनी घेतला.

राहिला रविवार. काल्याची सकाळ, मांडव भरलेला. नाना उभे राहिले आणि माईकवर सांगून टाकलं की पद माझं नाही, कधीच नव्हतं. कुजबूज झाली. मग त्यांनी पद उचललं. घागर भरली, डोईवर घेतली, सगळं नीट गेलं. शेवटच्या चरणाशी आले आणि पस्तीस वर्षांची जीभ 'हनु' म्हणून बसली. नाना थांबले. पुन्हा सुरू केलं, पुन्हा 'हनु'. मृदंगवाला हात वर धरून वाट बघतोय, टाळकरी एकमेकांकडं बघतायत, आणि नानांना मूळची ओळच आठवेना. आपलं नाव बसवताना त्यांनी ती इतकी ठोकून काढली होती. पाय आपोआप चपला शोधू लागले.

तेव्हा बायकांच्या बाजूनं फुलाबाईचा चिरका आवाज आला, बेसूर, पण न अडखळता:

बना म्हणे पाणी । तुझेच विठ्ठला ।
घागर तेवढी । माझी म्हण ।।

नानांनी तिच्या मागून म्हटलं. मग मांडवानं म्हटलं. तीनदा, चारदा. रत्नाकाकू मला म्हणाल्या, त्या दिवसापासून हे सकाळी दहा वाजता घरात बसतात. अगदी पूर्ण नाही, पण बसतात.

तर मंडळी, हे पद आवडलं असेल तर खुशाल न्या. कुणाला विचारायचं कारण नाही. चाल बदला, आपल्या गावच्या विहिरीचं नाव घाला, मोबाईलवर वाजवा. पण शेवटच्या चरणाशी पोचलात की घाई करू नका. भाटघरला लोकांचं पाणी भरणारी एक बनाबाई होती, तिची तेवढी आठवण ठेवा.